धुक्यातला वळणरस्ता

व्युर्झबर्गजवळच्या एका कारखान्यातले मोठे यंत्र बंद पडले होते. त्याचा नियंत्रणाचा भाग आमच्या गाडीत होता आणि रात्रपाळी सुरू होण्यापूर्वी तो तिथे बसवून चाचणी घ्यायची होती. नोव्हेंबरच्या त्या दुपारी मी आणि माझा तरुण सहकारी हॅनोव्हरहून निघालो. परदेशात कामासाठी गाडी चालवताना मी एक पद्धत पाळत आलो आहे: फोनवर नकाशा सुरू असला, तरी वाटेतल्या मोठ्या शहरांची नावे क्रमाने कागदावर लिहून ठेवायची. रस्त्यावरच्या फलकांवर आपल्या कारखान्याचा पत्ता कधीच नसतो, पुढच्या शहरांची नावे मात्र असतात. आमच्या कागदावर ग्योटिंगेन, कासेल, फुल्दा आणि व्युर्झबर्ग अशी चार नावे होती.

हा सगळा प्रवास ए-७ या एकाच महामार्गाने होणार होता. डेन्मार्कच्या सीमेपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत जाणारा हा सुमारे ९६० किलोमीटरचा रस्ता जर्मनीतला सर्वांत लांब महामार्ग आहे. तिथल्या प्रमुख महामार्गांपैकी विषम क्रमांकाचे साधारणपणे उत्तर-दक्षिण आणि सम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम धावतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरूनही आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत याचा अंदाज येतो. फुल्दापर्यंत काहीच अडचण आली नाही.

फुल्दा मागे पडल्यावर ऱ्योनचा डोंगराळ भाग लागला आणि अंधाराबरोबर धुकेही उतरले. थोड्याच वेळात पुढची वाहने थांबली. डाव्या मार्गिकेतली वाहने डावीकडे आणि बाकीची उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करू लागली, तेव्हा पुढे अपघात झाला असणार हे आमच्या लक्षात आले. पोलिसांनी महामार्ग बंद करून सगळी वाहतूक जवळच्या निर्गमाने खाली उतरवली. फोन मात्र आम्हाला पुन्हा पुन्हा मागे वळून त्याच बंद महामार्गावर जायला सांगत होता, आणि डोंगरात शिरल्यावर त्याचे नेटवर्कही गेले.

निर्गमाच्या टोकाला एक लहानसा निळा फलक होता. त्यावर पांढऱ्या रंगात ‘यू’ हे अक्षर, एक आकडा आणि बाण एवढेच होते. जर्मनीत महामार्ग अचानक बंद करावा लागला तर वाहने कोणत्या रस्त्याने न्यायची हे आधीच ठरलेले असते आणि त्या रस्त्यावर हे फलक कायमचे उभे असतात. एका दिशेच्या वळणमार्गांना सर्वसाधारणपणे विषम आणि उलट दिशेच्या मार्गांना सम क्रमांक दिलेले असतात. आपला आकडा धरून जात राहिले की पुढच्या एखाद्या प्रवेशाशी पुन्हा महामार्ग मिळतो. मला ही व्यवस्था ऐकून माहीत होती. तिच्या भरवशावर गाडी चालवण्याची वेळ मात्र प्रथमच आली होती.

पुढचा रस्ता अरुंद आणि वळणांचा होता. त्याच्या कडेला साधारणपणे ५० मीटर अंतराने पांढरे खांब असतात. उजवीकडच्या खांबावर एक उभी परावर्तक पट्टी, तर डावीकडच्या खांबावर दोन गोल ठिपके. पुढचा खांब दिसेनासा झाला की दृश्यमानता ५० मीटरपेक्षा कमी झाली असे समजावे, आणि अशा धुक्यात ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाण्यास कायद्याने मनाई आहे. काही ठिकाणी आम्ही त्याहूनही पुष्कळ हळू चाललो होतो. उजवी बाजू सोडायची नाही एवढे भान त्या एकेका पट्टीमुळे राहत होते.

एका गावात रस्त्याला फाटा फुटला. तिथे पिवळ्या चौकोनी चिन्हाखालच्या पांढऱ्या पाटीवर डावीकडे वळणारी जाड काळी रेघ आणि तिला मिळणाऱ्या बारीक रेघा होत्या.

“सर, यू कुठेच दिसत नाही. जाड रेघेप्रमाणे डावीकडेच जायचं ना?” सहकाऱ्याने विचारले.

“ती रेघ फक्त अग्रक्रम कोणाचा ते सांगते. आपला मार्ग कोणता, हे तिच्यावरून कळणार नाही. मी गाडी कडेला घेतो, तू उतरून नीट बघ.”

कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकच्या आड तो निळा फलक पूर्ण झाकला गेला होता, आणि त्यावरचा बाण सरळ पुढे, म्हणजे बारीक रेघेच्या रस्त्याकडे होता. मागे बऱ्याच वाहनांची रांग लागली होती, तरीही एकानेही भोंगा वाजवला नाही, याचे मला आजही फार कौतुक वाटते.

गावाबाहेर पडताना आणखी एक खूण उपयोगी पडली. जर्मनीत गावाच्या वेशीवरच्या पिवळ्या पाटीच्या मागच्या बाजूला खाली त्या गावाचे नाव लाल रेघेने खोडलेले असते आणि वर पुढच्या गावाचे नाव व अंतर दिलेले असते. ते नाव सहकाऱ्याने छापील नकाशात शोधले. ते गाव आमच्या दक्षिणेला, महामार्गाच्या पुढच्या प्रवेशाच्या वाटेवरच होते. आपण कुठे आहोत हे त्या क्षणी नक्की समजले आणि गाडीतला ताण उतरला. अनोळखी प्रदेशात पुढच्या वळणाच्या सूचनेपेक्षा आपला ठावठिकाणा कळणे मला अधिक मोलाचे वाटते. ठिकाण पक्के असेल, तर चुकलेले वळणही दुरुस्त करता येते.

पुढच्या प्रवेशाने आम्ही ए-७ वर परतलो, तेव्हा अंतराच्या पहिल्याच फलकावर व्युर्झबर्गचे नाव होते. कारखान्याच्या फाटकाशी पाळीप्रमुख आमची वाट पाहत उभे होते. रात्रपाळीचे कामगार तोवर आत आलेले असल्यामुळे त्यांना शेजारच्या यंत्रांवर काम देण्यात आले आणि आम्ही लगेच जोडणीला लागलो. मध्यरात्रीनंतर चाचणी पूर्ण झाली. आता आमच्या विभागातून जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी यंत्राच्या कागदपत्रांबरोबर छापील नकाशा देतो आणि निळ्या यू-फलकाचे चित्र काढून दाखवतो.