काळी चादर उघडली की अंधार पडतो

मास्तरांची लॅपटॉपबद्दलची तक्रार मी स्वतःच्या हातानं वहीत लिहून घेतली होती, शब्दाला शब्द. "काळी चादर उघडली की अंधार पडतो, पांढरा टॉवेल उघडला की उजेड." दुकानातल्या पोरानं ती वाचली आणि म्हणाला, "ताई, ह्यांना केबल द्यायची का लिंबू-मिरची?" आम्ही दोघंही हसलो. पुढं केबलच दिली, आणि तिचे पैसेही घेतले. म्हणून हे लिहितेय.

सोलापुरात नवी पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, ११ वर्षं झाली. स्क्रीन अंधूक झाल्याच्या तक्रारी आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेकांचा निकाल चहा यायच्या आत लागतो. बॅटरी बरीच उतरली की बॅटरी सेव्हर आपोआप सुरू होतो आणि उजेड कमी करतो. लोकांना वाटतं पडदा गेला. कुणी विंडोज नव्यानं टाकून घेतलेलं असतं आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, टाकायचा राहिलेला असतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव दिसतं आणि ब्राइटनेसची पट्टी कितीही सरकवा, काही होत नाही. पडदा अगदी काळाच झाला असेल तर मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघते. आतलं चित्र पुसट का होईना दिसलं, तर पडदा जिवंत आहे आणि मागचा दिवा गेलाय. इतकं सगळं पाठ झालेलं असलं की माणूस ऐकायचं बंद करतो. माझं तेच झालं होतं.

मास्तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाइन काढतात. टॉवेल आणि जेकार्ड चादर. वय सत्तरीच्या आसपास, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. पूर्वी ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचे, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली जायची. भोक असेल तिथं सुई आत जाणार, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जाणार. ही जेकार्डची पद्धत १८०४ च्या सुमाराची, फ्रान्समधली. कॉम्प्युटरची पंचकार्डं नंतर त्याच कल्पनेवरून आली. म्हणजे तसं पाहिलं तर मास्तर आमच्या धंद्यात माझ्या आधीपासून आहेत. आता कार्डाच्या जागी फाइल असते आणि ग्राफच्या जागी लॅपटॉप.

पहिल्यांदा लॅपटॉप दुकानात आला तेव्हा मी तो दिवसभर चालवला. काळं, पांढरं, लाल, सगळं उघडून बघितलं. काहीच नाही. पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट सुरू होता तो बंद केला, 'झालं' म्हणून परत पाठवला. चौथ्या दिवशी मालकांचा फोन. मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठवा. त्यांनी पाठवले, आणि त्यात रंग अगदी चोख! मी मनातल्या मनात मास्तरांच्या वयाचा हिशेब केला, मोतीबिंदू वगैरे. आता आठवलं की कानकोंडं होतं. स्क्रीनशॉटमध्ये फक्त चित्राचे आकडे येतात, पडद्यामागचा दिवा किती पेटलाय ते त्यात कधीच येत नाही. हे मला माहीत होतं. दिव्याच्याच तक्रारीला मी स्क्रीनशॉट मागितला होता.

दुसऱ्या खेपेला बाहेरचा मॉनिटर जोडून बघितला, त्यावर मास्तरांनाही फरक दिसला नाही. मग मी पुस्तकी निष्कर्ष काढला. मॉनिटर चांगला म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये दोष. बिजागरीत केबल घासते, हे नेहमीचंच. केबल बदलली, १,८०० रुपये. सेटिंगचा दोषही फक्त लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यापुरता असू शकतो, हा विचार शिवलाच नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन उजेड तिथं स्थिर राहतो का हे बघायला दोन मिनिटं लागतात. तेही केलं नाही.

तिसऱ्यांदा मालकांचा आवाज चढला होता. "मॅडम, बायरला मरून रंग दाखवून मंजूर करून घेतला, आणि इथं मास्तर म्हणतात स्क्रीनवर तो मरून दर पाच मिनिटाला वेगळा आहे. तुम्हीच या आता." मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. स्कूटीचं सीट तापून तव्यासारखं झालेलं. गेले.

आत लूमचा धडधडाट. मास्तरांची खोली लूमच्या शेडला लागूनच, काचेच्या खिडकीची. लॅपटॉप चालू होता पण चार्जर भिंतीपाशी गुंडाळून ठेवलेला. मी सहज विचारलं, लावत नाही का?

"नाही पोरी. लूम चालू असले की व्होल्टेज नाचतंय. मागं एक चार्जर जळाला. जेवायच्या सुट्टीत लावतो, मग काढून ठेवतो."

म्हणजे मास्तर काम करतात ते कायम बॅटरीवर. आणि माझ्या दुकानात लॅपटॉप कायम चार्जरवर! दोन खेपांना मी जो लॅपटॉप तपासला, तो एका अर्थी मास्तरांचा नव्हताच.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही रोज करता तसं करा, मी नुसती बघते. त्यांनी काळ्या जमिनीवर मरून वेलबुट्टीची चादर उघडली, मधे पांढरी बारीक रेघ होती. टेबलावरून मरून सुताची लडी उचलून पडद्याशेजारी धरली. "आता बघ." मला काही दिसेना. तीन-चार सेकंद गेले. मग ती पांढरी रेघ पांढरी राहिली नाही, राखाडीकडे झुकली. झटक्यानं नव्हे, ढग सूर्यावर येतो तशी. मास्तरांनी लगेच पांढरा टॉवेल उघडला आणि पडदा हळूहळू उजळत गेला.

काळी चादर उघडली की अंधार पडतो, पांढरा टॉवेल उघडला की उजेड. माझ्या वहीत महिनाभर लिहिलेलं होतं.

मी पेंटमध्ये दोन चित्रं केली. एक पूर्ण काळं, मधे नखाएवढा पांढरा चौकोन. दुसरं पूर्ण पांढरं. आधी मोबाइलनं फोटो काढायला गेले तर फोटोत काही पत्ताच लागेना, कारण मोबाइलचा कॅमेरासुद्धा स्वतःच उजेड कमी-जास्त करतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर बोटानं दाबून लॉक केलं, तेव्हा दोन फोटोंतला फरक मालकांनाही दिसला. मग चार्जर लावला. चौकोन तसाच पांढरा राहिला. चार्जर काढला, पुन्हा राखाडी. बायोसमध्ये जाऊन बघितलं, तिथं बॅटरीवरही पडदा स्थिर. केबलचा काडीचाही संबंध नव्हता.

मास्तरांना समजावताना मी त्यांच्याच खिडकीचा आधार घेतला. लॅपटॉपचा असला पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडीची पट्टी असते, पुढचे ठिपके खिडकीच्या पडद्यासारखे उजेड अडवतात नाहीतर सोडतात. चित्र बहुतेक काळंच असेल तर मागे एवढा दिवा जाळून उपयोग काय, असा हिशेब मशीन करतं. दिवा कमी करतं आणि ठिपके जरा जास्त उघडतं, म्हणजे डोळ्याला फरक कळू नये आणि बॅटरी वाचावी. पण पांढरी रेघ आधीच पूर्ण उघडी असते, ती आणखी कुठून उघडणार? ती राखाडी होते, आणि मरून आपली जागा सोडतो. बदल सावकाश होत असल्यामुळं आपला डोळा त्याला सरावतो. मास्तरांचा डोळा फसला नाही, कारण हातातली सुताची लडी कुणाची बॅटरी वाचवत नव्हती.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, तिथं ब्राइटनेसच्या शेजारचा बाण उघडला की पडद्यावर जे असेल त्याप्रमाणे ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय अनेक लॅपटॉपांत असतो. इथं तो 'फक्त बॅटरीवर' असा होता. बंद केला. तरी चौकोन किंचित हलत होता. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये पॉवरच्या पानावर, बॅटरीच्या भागात 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग' सुरू होतं, तेही बंद केलं. मग मात्र चौकोन जागचा हलला नाही. दहा मिनिटं मी त्याच्याकडं बघत बसले. तेवढ्यात वीज गेली, सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत मास्तरांचा टेबलफॅन गरगरत थांबल्याचा आवाजही ऐकू आला.

मालक म्हणाले, बॅटरी आता लवकर उतरेल का? म्हटलं थोडी उतरेल, आणि डिझाइनच्या लॅपटॉपला ती उतरू द्या. बायरला रंग मंजूर करायला स्क्रीन दाखवू नका, शेड कार्डाचा, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या कार्डाचा, नंबर पाठवा, असंही सांगितलं. ह्यावर मास्तर मालकांकडं बघून नुसते हसले. ते हे बरीच वर्षं सांगत असावेत.

केबलचे १,८०० मी परत दिले. मालक नको म्हणाले, मग घेतले. जुनी केबल धडधाकटच होती, ती अजून दुकानाच्या खणात आहे.

निघताना पिशवी खांद्याला लावली तर मास्तर पडद्यासमोर वाकून बसलेले. "पोरी, आता दिवा पक्का आहे. पण ह्या डाव्या कोपऱ्यात पांढरं जरा पिवळट दिसतंय काय की."

मी वाकून बघितलं. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पिशवी खाली ठेवली आणि स्टूल पुन्हा ओढून घेतलं.