आमची वाटचाल : खाणीच्या मलब्यावर करधई

ग्वाल्हेरच्या आसपासच्या बंद पडलेल्या दगडखाणींवर स्थानिक झाडे-झुडपे उभी करणे हा आमच्या रोपवाटिकेचा 2008 सालापासूनचा धंदा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरातल्या मुलाने नोकरी सोडून मलब्यावर खड्डे खणत बसावे, हे तेव्हा नातेवाइकांना रुचले नव्हते. भांडवल माझे होते; हुन्नर मात्र कक्कांचा, म्हणजे खाणीत उभे आयुष्य घण चालवलेल्या माझ्या पहिल्या भागीदाराचा. त्यांची पहार चपट्या टोकाची, गावच्या लोहाराकडून दरसाल नव्याने पाणी देऊन घेतलेली असे आणि ती ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. खड्ड्याची जागा ठरवताना ते आधी खडकावर घण टाकत. आवाज खणखणीत आला तर पुढे सरकत, बद्द आला तर तिथे भेग आहे असे समजून खूण करीत, कारण झाडाचे मूळ भेगेतूनच खाली जाणार. जोधपूरच्या राव जोधा उद्यानात खंडवालिया खाणकामगारांनी याच कसबावर विलायती बाभूळ, म्हणजे बाहेरून येऊन माजलेले झाड, मुळासकट काढली, हे आज सर्वत्र कौतुकाने सांगितले जाते. आमच्या कक्कांवर कोणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत, म्हणून त्या मी येथे लिहीत आहे.

पुढची काही वर्षे ठीक गेली.

2016 साली एका मोठ्या खाणमालकाने तोंडी शब्द दिला आणि त्या भरवशावर आम्ही कर्ज काढून खैर, हिवर, बोर, करवंद, घोंट आणि मुख्य म्हणजे करधईची रोपे तयार केली. करधई हे इकडच्या खडकाळ डोंगरांवरचे मूळचे झाड; ते वाढवणे म्हणजे काय हे या व्यवसायातील मंडळींना सांगायला नको. तिचे बी बहुतांशी पोकळ निघते, वाफ्यात ओंजळभर पेरावे तेव्हा चिमूटभर उगवते. सलईचे बीही तसेच बेभरवशाचे, म्हणून तिच्या फांद्या लावाव्या लागतात. सहारिया आदिवासींच्या वस्तीतून बी जमवण्यापासून पिशव्या भरण्यापर्यंत सगळे झाले, पावसाळा तोंडावर आला आणि काम सर्वांत कमी दराच्या निविदेला गेले. त्या कंत्राटदाराने सुबाभूळ, गुलमोहर आणि करंजाची पुरुषभर उंच रोपे ट्रकांनी आणून लावली, कुंपण घातले नाही, फीत कापली, फोटो काढले आणि लावणीच्या दिवशीची रोपे मोजून पूर्ण बिल उचलले. शेळ्यांनी सुबाभूळ खाल्ली, उरलेले मे महिन्याच्या उन्हाने नेले आणि त्यांच्याच लेंड्यांतून आलेली विलायती बाभूळ आज त्या उतारावर माजली आहे. सरकारदरबारी मात्र तो उतार हिरवाच आहे.

इकडे आमच्या पिशव्यांत मुळे गोल फिरू लागली होती. असे रोप पुढच्या वर्षी लावले तरी ते खडकात शिरत नाही, हे माहीत असल्यामुळे माल टाकून देऊन रोपवाटिकेची जागा विकायची असे घरात जवळजवळ ठरले होते. अशा वेळी घाटीगावकडचे एक शेठजी आले. ‘रोपे न्या, हिशेब दिवाळीला’ म्हणणाऱ्या या बाजारात त्यांनी अर्धी रक्कम रोख पुढे ठेवली आणि आपल्या दोन बंद खाणींसाठी सगळा माल उचलला. अट एकच होती, की करधई एकही कमी द्यायची नाही. लहानपणी पाहिलेला डोंगर त्यांना परत हवा होता. मलब्यातल्याच दगडांचा गडगा रचून आम्ही शेळ्या अडवल्या, उतारावर अर्धचंद्राकृती बांध घातले आणि दोन उन्हाळे टँकरने पाणी दिले. ते शेठजी आजही दर जूनमध्ये रोपे नेतात आणि दरावरून दरवेळी भांडतात.

8 जानेवारी 2020 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट पट्टेदारांवर घालण्यास केंद्र सरकारला सांगितले, तेव्हापासून आमच्याकडे चौकशी वाढली आहे, जरी काही जण बंगल्यापुढच्या हिरवळीचा दर विचारतात. अशांनी पवन्या, मारवेल आणि अंजन ही गवते पेरावीत. खाण चालू असतानाच वरची माती वेगळी रचून ठेवावी, कारण तिच्यात जागचे बी असते. शेतातली भारी माती आणून खड्डा भरू नये, कारण मुळे त्या मऊ मातीतच घोटाळतात आणि भेग शोधायला बाहेर पडत नाहीत. रोप वीतभर असले तरी चालेल, उंचीचे पैसे देऊ नयेत. विलायती बाभूळ जमिनीलगत कापून समाधान मानू नये, खोडाचा गड्डा निघेपर्यंत खणावे.

आता आम्ही मोबदला तीन भागांत घेतो आणि शेवटचा भाग तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली रोपे मोजून. हे मान्य नसलेल्यांनी दुसरीकडे जावे. 2016 च्या त्या निविदेसाठी भरलेली अनामत रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. तिच्या पावतीची प्रत आम्ही दर मार्चमध्ये अर्जासोबत पाठवतो.