आईचा समुद्र आणि तिथीची पाऊणपट

आईनं नागपूरची दीक्षाभूमी कितीतरी वेळा पाहिली, पण चैत्यभूमी कधीच नाही. 6 डिसेंबरला आमच्या भागातून गाड्या भरभरून लोक दादरला जातात, पण त्या गर्दीत तिचे गुडघे साथ देणार नाहीत म्हणून दरवर्षी तिचं जाणं राहून जायचं. या वेळी मी म्हटलं, गर्दी नसताना जाऊ. तर ती म्हणाली, "चैत्यभूमीच्या मांगंच समुद्र हाय म्हणते. तोबी पाहाचा हाय मले."

मूर्तिजापूरपासून आत आमचं गाव. मुंबईत उतरावं असं कोणी नाही आणि लॉजचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून ठरवलं, रात्री गाडीत झोपायचं, दिवसभर मुंबई पाहायची आणि रात्रीच्याच गाडीनं परत. तूर निघून हरभरा सोंगणीला यायच्या मधले दिवस त्यासाठी बरे होते.

तिकीट 60 दिवस आधी काढता येतं, म्हणून डिसेंबरातच बसलो. इथं माझी चूक झाली. आई, बाबा आणि मी, तिघांचं एकच तिकीट काढलं. बाबांना मधला बर्थ आला, आईला वरचा. खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी. पण त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी लागतात आणि तेही त्याच वयाचे. मी सोबत असल्यामुळे त्यांचा हक्क गेला होता. तिकीट रद्द केलं. स्लीपरला माणशी 120 रुपये कापतात, म्हणजे 360 गेले. मग त्या दोघांचं वेगळं काढलं, माझं वेगळं. दोघांनाही खालचे बर्थ मिळाले. परतीचं तिकीट एक दिवस उशिरा उघडतं, हेही लक्षात ठेवावं लागलं.

तारीख ठरवताना मात्र समुद्रानं अडवलं. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकताना दापोलीकडचा एक मित्र सोबत होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "समुद्र दाखवायचाय ना, मग आधी भरती बघ. ओहोटीला नेलंस तर काकूंना चिखल न् खडक दिसतील." कोकणातला साधा हिशेब त्यानं सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेच्या पुढं पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, मग परत भरती. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाटावर घेऊन बसले. तिथी पाहून पेरणी करणारा माणूस, त्यांना हे लगेच उमगलं. षष्ठी धरली, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती. मोबाईलवरही ताडून पाहिलं, वेळ जवळपास तीच निघाली.

मग यादीतून नावं खोडायला बसलो. घारापुरीची लेणी खूप मनात होती, पण बोटीला एका बाजूनं तासभर लागतो, अर्धा दिवस तिथंच जातो. ती सोमवारी बंद असतात, हे निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. राणीची बाग, हाजी अली, वस्तुसंग्रहालय सगळं सोडलं. म्हाताऱ्या माणसांना दिवसात चार ठिकाणं पुरेत, पाचव्याला ते काही पाहत नाहीत, नुसते बसायला जागा शोधतात.

गाडीत आईनं दशम्या आणि ठेचा सोडला. झोप झाली. सकाळी सीएसएमटीपर्यंत न जाता दादरलाच उतरलो, कारण चैत्यभूमी तिथून जवळ. काळीपिवळी टॅक्सी केली. सकाळच्या वेळी तिथं मोजकीच माणसं होती. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. आईनं चप्पल बाहेर काढली, पदर डोक्यावर घेतला आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. बाहेर येऊन मागच्या बाजूला गेलो तर पाणी लांब सरकलेलं, ओला काळा खडक उघडा पडलेला. "समुद्र कुठं हाय मंग?" असं तिनं विचारल्यावर बाबाच म्हणाले, "आजून ओहोटी हाय. दुपारी भरते."

तिथून हिंदू कॉलनीत राजगृह पाहिलं. बाबासाहेबांनी आपल्या पुस्तकांसाठी बांधलेलं घर, एवढं सांगितलं तर आई पायरीला हात लावून आली. अकरा वाजून गेले, मग लोकल धरली. अकराच्या आधी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये म्हाताऱ्यांना चढवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. तिकीट फक्त पाच रुपये. स्टेशनची इमारत समोरच्या फुटपाथवरून पाहावी, आतून तिचा पसारा कळत नाही. 2004 पासून ती जागतिक वारशात आहे. बाबा फाटकावरचे सिंह आणि वाघ बघत राहिले.

गेटवेला थोडाच वेळ दिला. 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण याच दारातून गेली, हे बाबांना सांगितलं. त्यांनी दगडावर तळहात ठेवला आणि तो आपल्याकडच्यासारखाच काळा पत्थर आहे का, हे जवळून पाहिलं.

चारच्या पुढं गिरगाव चौपाटी गाठली. पाणी भरत आलं होतं. आईनं लुगडं घोट्याच्या वर धरलं, दोन पावलं पाण्यात गेली, बोटं बुडवली आणि जिभेला लावली. खारपाणपट्ट्यात जन्म गेलेली बाई ती. आमच्या विहिरीचं पाणी डाळ शिजू देत नाही, प्यायला टँकर लागतो.

"अवो," ती बाबांना म्हणाली, "हे त आपल्या विहिरीवानीच हाय. जरासं जास्त."

बाबांनीही चव घेतली आणि मान हलवली. मग ती दोघं पाळीवर बसली आणि गाडीची वेळ होत आली तरी उठेनात.