हालश्टाट : मीठ उदंड, जागा वीतभर

आगगाडीतून उतरलो तर समोर गावच नाही. इवलंसं स्टेशन, पाठीमागे जंगल आणि पुढ्यात तळं. "भलत्याच ठिकाणी उतरवलंस की काय?" आईने विचारलं. मी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. डोंगराच्या पायथ्याशी, जेमतेम पाण्याच्या वर, घरांची एक बारीक ओळ दिसत होती. कुणीतरी फळीवर डबे ओळीने मांडून ठेवावेत तशी.

2023 च्या सप्टेंबरात आम्ही दोघी ऑस्ट्रियाला गेलो होतो. आई मूळची मिठागरांच्या शिरोड्याची, वेंगुर्ल्याजवळची. तिला मिठाच्या गावी न्यायचं, एवढाच माझा बेत. हालश्टाटचे फोटो जगाने पाहिलेले आहेत, त्यात मी आणखी काय भर घालणार? पण फोटोत हे गाव नुसतं सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मला ते अडचणीत सापडलेलं गाव वाटलं, आणि त्यामुळे जास्त आवडलं.

1877 मध्ये या भागात रेल्वे आली ती तळ्याच्या पूर्वेकडून. गाव पश्चिमेला. तिथे डोंगर थेट पाण्यात उतरतो, रूळ टाकायचे कुठे? म्हणून आजही गाडीतून उतरून होडीत बसायचं आणि दहा मिनिटांत पलीकडे जायचं. तळं समुद्रसपाटीपासून साधारण 508 मीटरवर आहे आणि सगळ्यात खोल जागी 125 मीटर खोल आहे. दक्षिणेला डाखश्टाइनचा डोंगर, 2,995 मीटर उंच. गावाची वस्ती किती, तर साडेसातशेच्या आसपास. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

तरीही याचा सरकारी दर्जा खेडेगावाचा नाही. हालश्टाट ही 'मार्क्टगेमाइंडे' आहे. म्हणजे काय ते मराठी माणसाला फोड करून सांगायला नको. आपल्या जुन्या दप्तरांत 'मौजे' आणि 'कसबे' असा फरक असायचा. मौजे म्हणजे साधं शेतीचं गाव. बाजारपेठ असेल, कारागीर-व्यापारी असतील, तर तो कसबा. ऑस्ट्रियातही साधं गाव, मार्क्ट आणि शहर अशा पायऱ्या होत्या, आणि मार्क्टचा मान राजाकडून मिळवावा लागे. आज त्याने कारभारात काही फरक पडत नाही, नुसता मान उरलाय. हालश्टाटला तो 1311 मध्ये मिळाला. राजा आल्ब्रेख्त पहिला याचा 1308 मध्ये खून झाला. त्याची विधवा राणी एलिझाबेथ हिने इथल्या मिठाच्या धंद्याची घडी नव्याने बसवली आणि गावाला बाजाराचा हक्क दिला. पण हा कसबा चमत्कारिकच. बाजार भरवायला परवानगी आहे, नांगर फिरवायला मात्र एक धड शेत नाही. धान्य बाहेरून, भाजी बाहेरून. गावचं म्हणावं असं पाण्यात मासे आणि डोंगरात मीठ.

होडीतून उतरलं की जागेची ओढाताण लगेच जाणवते. घरं एकमेकांच्या डोक्यावर बसवल्यासारखी. एकाच्या छपराच्या पातळीला दुसऱ्याचं दार. 1890 पर्यंत काठाने रस्ताच नव्हता. शेजाऱ्याकडे जायचं तर होडी काढायची, नाहीतर वरची वाट धरायची. ती वरची वाट काही ठिकाणी चक्क घरांच्या माळ्यांतून जायची! आमच्या लहानपणी गिरगावातल्या आत्याच्या चाळीत जिना चढताना तीन बिऱ्हाडांचा स्वयंपाक कळायचा, त्याची आठवण झाली. मग खडक फोडून रस्ता झाला. पुढे 1960 च्या दशकात मोटारींसाठी डोंगरातून बोगदा काढला, कारण गावातून मोटारी न्यायच्या तर गाव पाडावं लागलं असतं.

झाडांचीही तीच गत. नाशपातीची झाडं अंगणात नाहीत, भिंतीला चिकटवून वाढवलेली. फांद्या दोन्ही बाजूंना तारांवर ताणून बांधलेल्या, एखाद्या वेलीसारख्या. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "झाडालासुद्धा बिचाऱ्याला हात पसरायला भिंतच." बाजारचौकात मधोमध ख्रिस्ती त्रैक्याचा (ट्रिनिटीचा) खांब आहे, भोवती गुलाबी-पिवळी घरं. ती फार जुनी वाटतात खरी, पण 1750 च्या आगीत इथली लाकडी घरं जळून गेली आणि चौक नव्याने उभा राहिला.

चौकातून वर कॅथलिक चर्चकडे गेलो. आत पंधराशे-दहाच्या सुमाराचा लाकडी कोरीव अल्तार आहे, लेओनहार्ट आस्टलचा. माता मेरीच्या एका बाजूला संत बार्बरा, खाणकामगारांची पाठराखीण. दुसऱ्या बाजूला संत कॅथरिन, लाकूडतोड्यांची. म्हणजे गावाचे दोन्ही धंदे देवघरात. पण माझा जीव गुंतला तो मागच्या छोट्या अस्थिगृहात.

चर्चला लागून दफनभूमी आहे, डोंगराच्या कपारीवर वसवलेली, टीचभर. इतक्या शतकांची माणसं त्यात मावणार कशी? म्हणून रिवाज पडला की दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, हाडं काढायची आणि जागा पुढच्याला द्यायची. कवटी उन्हात ठेवून पांढरी करायची. आणि इथे माणसाचं मन दिसतं: नुसती रचून ठेवायला जीव होईना, म्हणून अठराव्या शतकापासून कवट्या रंगवायला लागले. कपाळावर नाव, कित्येकांवर साल, भोवती पानांची किंवा गुलाबांची माळ. साधारण 1,200 कवट्या आहेत, त्यांतल्या 610 रंगवलेल्या. घराण्याची माणसं शेजारीशेजारी ठेवलेली. शेवटची कवटी 1983 मध्ये वारलेल्या एका बाईची. तिची इच्छा होती म्हणून 1995 मध्ये तिला इथे आणलं. तिचा सोन्याचा दात अजून चमकतो.

मला वाटलं होतं आईला भीती वाटेल, निदान शिवाशिवीचं काहीतरी मनात येईल. ती एकेक नाव वाचायचा प्रयत्न करत होती. मग हळूच म्हणाली, "यांच्यावरची धूळ पुसतं कोण?" उत्तर मला माहीत नव्हतं. पण प्रश्न घर चालवलेल्या बाईचा होता.

दुपारी खाणीत. रज्जुगाडी गावापासून सुमारे साडेतीनशे मीटर वर नेते. खाणीत शिरताना सगळ्यांना जाड कापडाचे अंगरखे-विजारी घालायला देतात. सत्तरीची आई त्या वेशात रंगमंचावर उतरलेल्या मावळ्यासारखी दिसत होती. आत गारठा. भिंतीत गुलाबी-करडे पट्टे, बोट लावून चाखलं की खारट. आईने चाखलं आणि ती एकदम शिरोड्याच्या बोलीवर आली, "ह्यां मीठ डोंगरात इलां कसां?"

प्रश्न नेमका तोच होता. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. पाणी आटत गेलं, मिठाचे थर साठले, त्यावर गाळ बसला. नंतर आल्प्स उचलला गेला तेव्हा मीठ आणि चिकणमाती कुस्करून, घडी पडून डोंगराच्या पोटात अडकली. म्हणजे आपल्या मिठागरात ऊन जे काम चार-दोन आठवड्यांत करतं तेच इथे झालं, फक्त नंतर वर डोंगर चढला. हे सांगितल्यावर आई समाधानाने म्हणाली, "समुद्र हयसर पण होतो तर!"

हे मीठ माणसाने किती आधी शोधलं, ते ऐकून मान डोलावण्यापलीकडे काही सुचत नाही. इथे सापडलेली शिंगाची कुदळ सुमारे सात हजार वर्षं जुनी आहे. खाणीत एक लाकडी जिना सापडला. त्याची झाडं तोडली गेली ती इसवी सनापूर्वी 1344-43 मध्ये. लाकडातली वर्षवलयं मोजून हे साल काढलंय. आठ मीटर लांब, सव्वा मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांना सहज ओलांडेल असा. आमच्या लोकल स्टेशनांचे काही जिने याहून अरुंद असतील. शेजारी गाईच्या कातड्याची पाठीवरची झोळी. एका खांद्यावर अडकवायची, आणि तिला लावलेली काठी सोडली की मीठ भस्सकन खाली ओतलं जायचं. लोहयुगातले लोक भिंतीतून मिठाचे हृदयाच्या आकाराचे तुकडे खोदून काढत. का, ते विचारू नका. मुलंही खाणीत राबत होती. त्यांच्या हाडांवरच्या झिजेवरून ते कळतं.

मीठ काही कुजू देत नाही. खारवलेल्या कैरीसारखं सगळं टिकलंय: मशालींच्या जळक्या काड्या, लोकरीचे विणलेले तुकडे, आणि चक्क माणसांची विष्ठा. हसू नका, तीच सगळ्यात बोलकी निघाली. 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे 2,700 वर्षांपूर्वीच्या विष्ठेत निळं चीज आणि बिअर बनवणाऱ्या बुरश्यांचे अंश शोधून काढले. एरवीचं जेवण म्हणजे जव, बाजरीच्या जातीचं भरड धान्य आणि घेवड्यासारखी कडधान्यं एकत्र शिजवलेली. "म्हणजे खिचडीच," आईचा निकाल.

1734 मध्ये तर खाणीत एक अख्खा माणूस सापडला. मिठात दबून चपटा झालेला, कधीकाळचा खाणकामगार. गावकऱ्यांनी त्याला पुरून टाकलं, आणि त्यानंतर त्याचा मागमूस नाही. शंभरेक वर्षांनी, 1846 मध्ये, खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांना वरच्या खोऱ्यात प्राचीन कबरी सापडल्या. शिकलेले पुरातत्त्वज्ञ नव्हेत, पण एकेक कबर क्रमांक देऊन उघडली, प्रत्येकीची रंगीत चित्रं काढवून घेतली. 1863 पर्यंत 980 कबरी. आत बाल्टिकचा अंबर, आफ्रिकेचा हस्तिदंत लावलेली तलवारीची मूठ. गावात शेत नव्हतं तरी गाव श्रीमंत होतं, याचा पुरावाच. युरोपातल्या लोहयुगाच्या आरंभीच्या काळाला, इसवी सनापूर्वी साधारण 800 ते 450, या साडेसातशे माणसांच्या गावावरून 'हालश्टाट संस्कृती' म्हणतात. कबरींतला बराचसा ऐवज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. इथल्या लहान संग्रहालयातही बरंच काही आहे, पण तोवर आईचे गुडघे बोलायला लागले होते.

(खाणीतल्या लाकडी घसरगुंडीवरून मात्र ती गेली. सगळ्यात लांब घसरगुंडी 64 मीटरची आहे आणि शेवटी वेग मोजून फोटो काढतात. तिचा आकडा माझ्याहून जास्त होता. हे तिने नंतर फोनवर सगळ्या भावंडांना सांगितलं.)

पुढे खोदून काढण्याऐवजी पाणी सोडून मीठ विरघळवायची रीत आली. खारं पाणी बाहेर काढायचं, मोठ्या कढयांत आटवायचं. आटवायला लाकूड हवं, आणि भोवतालची जंगलं संपत आली. मग त्यांनी उलटा विचार केला: लाकूड इथे आणण्यापेक्षा पाणीच लाकडाकडे न्यावं. 1595 ते 1607 या काळात सुमारे 13,000 झाडांची खोडं आतून पोकळ करून, एकाला एक जोडून, 40 किलोमीटर दूर एबेनझेपर्यंत नळ टाकला. नुसत्या उतारावर पाणी वाहतं. आज नळ लाकडी नाहीत, पण खाणीतलं खारं पाणी अजूनही एबेनझेलाच जातं. मला या गावातली सगळ्यात हुशारीची गोष्ट कोणती असं विचारलंत तर जिना नाही, तलवार नाही, हा नळ.

मीठ गावात असलं तरी गावाचं नव्हतं. या सगळ्या मुलखाचं नाव झाल्सकामरगुट, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या मालकीचा मिठाचा प्रदेश. शिरोड्याच्या माणसाला मीठ आणि सरकार यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. 1930 मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. इथल्या कामगारांचा झगडा धर्मावरूनही झाला. त्यांच्यातले पुष्कळ प्रोटेस्टंट होते, आणि राज्यकर्ते कॅथलिक. 1734 पासून या भागातल्या कित्येक कुटुंबांना उचलून दूर ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) धाडलं. 1781 मध्ये प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा मिळाली, आणि 1863 मध्ये तळ्याकाठी त्यांचं चर्च पुरं झालं. गंमत अशी, की जगभरच्या फोटोंत हालश्टाटची ओळख म्हणून जो सडपातळ मनोरा दिसतो तो याच चर्चचा.

त्या फोटोच्या जागी संध्याकाळी गेलोच. गर्दी अशी, की गणपतीत लालबागला असते तिची धाकटी बहीण. करोनाच्या आधी गजबजलेल्या दिवशी दहा हजार माणसं यायची; आता बसना आधी वेळ नोंदवावी लागते. आम्ही गेलो त्याच वर्षी मे महिन्यात गावाने दृश्य झाकायला लाकडी कुंपण घातलं होतं. बोभाटा झाल्यावर काढलं. ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी निदर्शनंही केली. चीनमध्ये ग्वांगदोंग प्रांतात 2012 मध्ये या गावाची प्रतिकृती उभारली, मनोरा आणि चौकासकट. जागेची टंचाई तेवढी त्यांना नक्कल करता आली नसेल. मी फोटो काढला. काढताना थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण काढला.

डोंगर पश्चिमेला असल्यामुळे सूर्य लवकर जातो. पलीकडच्या काठावर अजून ऊन होतं आणि आमच्या बाजूला सावली पसरली होती. धक्क्याजवळच्या दुकानातून आईने मिठाची एक लहान पिशवी घेतली, किमतीवरून मनसोक्त चिडून. होडी सुटायला दहा मिनिटं होती. तिने पिशवीचं तोंड सोडलं, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"कसं आहे?"

"बरा आसा," ती म्हणाली. "पण ह्याला माशाचो वास नाय."