कमी वर्दळीच्या रस्त्यावर ओढ्याचा पूल बांधताना

वाडीच्या रस्त्याला पूल म्हटलं की पहिली मागणी पाइपांची येते. आम्ही आधी पुराचं पाणी किती येईल ते काढतो. नकाशावरून पाणलोट, म्हणजे ओढ्याला पाणी देणारं क्षेत्र, मोजायचा आणि इंग्लिसच्या सूत्रात घालायचा: पाणलोटाच्या चौरस किलोमीटरला 124 ने गुणायचं, मग पाणलोट अधिक 10.4 याच्या वर्गमुळाने भागायचं. पाटणकडच्या 2 चौरस किलोमीटरच्या ओढ्याला सेकंदाला 70 घनमीटर येतात. 1200 मिलिमीटरचा पाइप तोंडोतोंड भरून सेकंदाला 3 मीटर वेगाने वाहिला, तरी त्यातून साडेतीन घनमीटरही जात नाहीत. म्हणजे वीसहून जास्त पाइप लागतील. त्यात डोंगरातून बुंधे आले की निम्मी तोंडं बंद. म्हणून तिथे 6-6 मीटरचे दोन गाळे (आधारांमधली मोकळी अंतरं), पाण्याला 2 मीटर उंची आणि त्यावर 900 मिलिमीटर मोकळी जागा, असा स्लॅबचा पूलच धरतो.

जत, आटपाडीसारख्या कमी पावसाच्या भागात हेच सूत्र घातलं तर आकडा फुगतो, कारण ते घाटमाथ्याच्या पावसाचं आहे. तिथे पात्राचा उतार, छेद आणि पुराची खूण यांवरून पाणी काढावं. खूण कुठे आहे ते ओढ्याकाठी विहीर असलेल्या माणसाला विचारायचं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. पात्र उथळ, रुंद आणि पूर काही तासांचा, म्हणून फरशी पूल पुरतो. रोजचं पाणी पाइपांतून, पूर वरून. रस्त्याची पातळी आणि तळ यांमधल्या पात्राचा 30 ते 40 टक्के भाग तरी पाइपांना मोकळा ठेवायचा. साफ करायला माणूस आत शिरला पाहिजे, म्हणून 1000 मिलिमीटरपेक्षा लहान पाइप नको. कठडाही नको, त्यात काटेरी झुडपं अडकून पाणी तुंबतं. रंगवलेले खांब पुरेत.

पैसे वाचवायचे नाहीत ते तळात. पाणी फरशीवरून कोसळतं तिथे खड्डा पडतो, तो मागे सरकत पायाखाली येतो आणि फरशी मोडते. म्हणून काँक्रीटचा तळ वरच्या अंगाला (पाणी येतं तिकडे) 3 मीटर, खालच्या अंगाला 5 मीटर. त्याच्या टोकाला जमिनीत उतरणारी पडदी भिंत, वरच्या अंगाला 2 मीटर आणि खालच्या अंगाला अडीच मीटर खोल. त्याआधी पक्का काळा खडक लागला तर त्यात रुतवून थांबायचं. मुरूम मात्र खडक नव्हे. पहारीने सुटतो तो वाहूनही जातो. पडदीच्या पुढे मोठ्या दगडांचा थर हवा.

दोन पाइपांमध्ये 450 मिलिमीटर तरी अंतर सोडावं. चिकटून ठेवले की खालच्या बेचक्यात काँक्रीट पोचत नाही. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, आत पोकळी राहते आणि तिथूनच पाणी वाट काढतं.

पूल शाबूत आणि शेजारचा भराव गेलेला, हे सगळ्यात जास्त दिसतं. फरशीची पातळी जोडरस्त्यापेक्षा खाली हवी. जोडरस्ता खोलगट राहिला की पाणी पुलाला बगल देऊन तिथूनच जातं. दोन्ही काठांचा भराव पूररेषेपर्यंत दगड रचून मढवून (पिचिंग) घ्या. अंदाजपत्रकातून हीच बाब आधी कापली जाते. ती कापू देऊ नका.