तुम्ही विचारलंत म्हणून: हुज्जत म्हणजे नक्की काय?

गेली पंधरा-सोळा वर्षं जिल्ह्याच्या पेपरात बातम्या तपासायचं काम करतोय, त्यामुळे ओळखीतलं कुणी भेटलं की एखाद्या शब्दाची चौकशी ठरलेलीच, आणि त्यात हुज्जतचा नंबर बराच वरचा. परवा पुतणीनेही तेच विचारलं, काका, वाद घालणं आणि हुज्जत घालणं एकच ना? फोनवर तिला अर्धवटच सांगितलं, म्हणून इथे नीट.

एकच नाही. वाद दोघांत होतो, हुज्जत मात्र एकटाच घालतो. 'वाहतूक पोलिसाशी हुज्जत, तरुणावर गुन्हा', असे मथळे मी स्वतः किती दिलेत त्याचा हिशोब नाही. पण 'पोलिसाची तरुणाशी हुज्जत' असं कधी वाचलंय? प्रवासी कंडक्टरशी हुज्जत घालतो, पेशंटचे नातेवाईक डॉक्टरशी, गिऱ्हाईक काउंटरवरच्या माणसाशी. उलटी हुज्जत मी तरी बघितली नाही. आणि 'मी हुज्जत घातली' असंही कुणी म्हणत नाही, आपण नेहमी 'फक्त विचारायला' गेलेलो असतो. (गुन्हा हुज्जतीचा नसतोच बरं का, आधी सरकारी कामात अडथळ्याचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लावायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३२, आणि त्यालाही हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसतं तोंड चालवून भागत नाही. मथळ्यात एवढं कुठे मावणार.)

गंमत म्हणजे शब्द मुळात चांगल्या घरचा. अरबीत हुज्जा म्हणजे पुरावा, बिनतोड दाखला. इराणमधल्या शिया धर्मगुरूंना 'हुज्जतुल इस्लाम' ही पदवी असते, ती काय इस्लामशी हुज्जत घालणारा म्हणून नव्हे! फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत पुरावा गळून पडला आणि नुसती कटकट उरली. तक्रारचंही तसंच, अरबीत तो शब्द पुन्हापुन्हा करण्याचा, उर्दूत भांडणाचा, आपल्याकडे गाऱ्हाण्याचा. म्हणजे ऑफिसात तीनदा चकरा मारणारा माणूस दोन्ही अर्थांनी तक्रार करत असतो.

आणि वितंडवादातला वितंडा? तो संस्कृतातला. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितलेत: वाद खरं काय ते शोधायला, जल्प जिंकायला, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं खोडत बसायचं. आमच्या सोसायटीची मीटिंग एकदा बघा, वेगळं उदाहरण लागणार नाही.

पण हुज्जत मला खरी कळली ती आईमुळे. तिने घरपट्टी वेळेत भरलेली, तरी थकबाकीची नोटीस आली. आम्ही दोघं गेलो. आईने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पावती काढली, शिक्क्यासकट, आणि काउंटरवरचा माणूस तिच्याकडे न बघताच म्हणाला, आजी, हुज्जत घालू नका, कम्प्युटरवर दिसत नाहीये. हातात पुरावा धरलेली बाई, आणि तिला सांगतायत हुज्जत घालू नका. मला हसू आलं, जे तिथे अजिबात यायला नको होतं, आईने असं बघितलं की बस. तिसऱ्या चकरेला कळलं की आमचे पैसे शेजारच्या घरनंबरावर जमा झालेत. सॉरी वगैरे कुणी म्हणालं नाही, नवीन पावती मात्र मिळाली, तीही आता त्याच प्लास्टिकमध्ये आहे.

तर ही आमची आई रोज रात्री माझ्या मुलाला झोपायला पिटाळते, साडेनऊ वाजले म्हणून. काल त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, आजी, अजून सव्वानऊच झालेत. आईने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"हुज्जत घालू नकोस," म्हणाली, "जा झोप."