पावसाला की पावसा

वहीच्या शेवटच्या पानावर मी या हंगामाच्या तारखा लिहून ठेवल्यात. अल्बम बाहेर आला ती, पहिला पूर्ण दीड तासाचा एकटीचा कार्यक्रम झाला ती, आणि एका गाण्याने हजाराचा आकडा ओलांडला ती. चौथी तारीख नंतर लिहिली, वेगळ्या पेनाने. आजचं सगळं लिखाण खरं तर त्या चौथ्या तारखेबद्दल आहे, पण तिथवर यायला आधीच्या तिन्ही सांगाव्या लागतील.

अल्बममध्ये सात गाणी आहेत, एकूण २९ मिनिटं. शब्द माझे, चाली माझ्या, गिटार मीच वाजवलीय. बहुतेक गाणी काळी चारच्या पट्टीत आहेत, म्हणजे गिटारच्या पहिल्या पट्टीवर, फ्रेटवर, तारा दाबून धरणारा चिमटा, कॅपो, आणि हाताला ‘G’ कॉर्डची सवय. ज्या गाण्यामुळे हे सगळं लिहितेय त्याची पहिली ओळ अशी होती:

दाराशी थांबल्या पावसाला विचारून पाहावं का नाव तुझं

बावीस अक्षरं. लय मिनिटाला ६४ मात्रांची, ओळ सोळा मात्रांची. म्हणजे एक ओळ संपायला पंधरा सेकंद लागतात, आणि मला ती एका श्वासात हवी होती. विचारायचं की नाही हा जो संकोच आहे, तो मध्ये कुठे थांबला तर मोडेल असं मला वाटायचं. चाल सुचली तेव्हा मी बसून, हळू आवाजात गात होते. तसं गाताना श्वास पुरतो.

स्टुडिओत उभं राहून गायला लागले तेव्हा पुरेना. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या जवळ गेलं की आवाजातला खर्ज भरतो, या गाण्याला तो हवाच होता. पण तितक्या जवळून घशातली हवासुद्धा ऐकू येते. ओळ संपत आली की ‘नाव तुझं’मधला ‘झं’ कोरडा पडायचा. चौदा टेक झाले. शेवटी आम्ही पहिला अर्धा नवव्या टेकमधून घेतला, दुसरा अर्धा बाराव्यातून, जोड ‘पावसाला’च्या ‘ला’नंतर लपवला आणि मधल्या श्वासाचा आवाज काढून टाकला. जोड कुणालाही कळत नाही. मला कळतो. जी ओळ मी सलग गायलेच नाही, ती सलग गायल्यासारखी प्रकाशित झाली, हे मला इथे स्पष्ट सांगायचंय.

प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यात नुसती कागदपत्रं होती. मुखपृष्ठ, श्रेयनामावली, प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, गायिका आणि निर्माती असे वेगवेगळे रकाने असतात. चारही ठिकाणी स्वतःचं नाव भरताना मी क्षणभर थांबले. इतकी वर्षं इतरांच्या गाण्यांना मागून साथ दिली होती, त्यामुळे तो क्षण मला मोठा वाटला.

आकड्याचं म्हणाल तर स्पॉटिफायवर किमान ३० सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजतात, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगला मानधनाचा वाटा मिळत नाही. म्हणून हजार ही माझ्यासाठी खरीखुरी वेस होती. पण या गाण्याचा पहिला शब्द ३४व्या सेकंदाला येतो. त्याआधी नुसती गिटार आहे. म्हणजे त्या हजारांतल्या काहींनी माझा एक शब्दही न ऐकता गाणं सोडलं असेल. सुरुवात कापून लहान कर, असं दोघा-तिघांनी जीव तोडून सांगितलं. मी कापली नाही. त्या ३४ सेकंदांत माणूस दारापर्यंत चालत येतो. तो आलाच नाही तर पाऊस कुणाला दिसणार?

मग कार्यक्रम. दीड तास, चौदा गाणी. हे गाणं मी बारावं ठेवलं, आणि ती चूक होती. सत्तर मिनिटं गाऊन झाल्यावर छाती आधीसारखी भरत नाही, आणि दोन गाण्यांच्या मध्ये मी जरा जास्तच बोलले होते. मुखडा दोनदा निभावला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ‘दाराशी थांबल्या पावसा’ इथे हवा संपली. ‘ला’ आलाच नाही. गिटार चालू ठेवली, श्वास घेतला, पुढचे शब्द गायले. कार्यक्रमानंतर लोक भेटायला आले, फार आपुलकीने बोलले, एका आजींनी हात हातात धरून ठेवले होते. माझ्या डोक्यात मात्र तो गळलेला ‘ला’ होता. घरी येऊन ती ओळ अंधारात किती वेळा म्हटली, मोजलं नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी ईमेल आला. लिहिणाऱ्या बाई लहान मुलांना गाणं शिकवतात. त्यांच्या तेवीस मुलांनी माझं हे गाणं बसवलं होतं, स्नेहसंमेलनात गायचं होतं, म्हणून परवानगी मागितली होती. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा असतो. त्यांना माझं रेकॉर्डिंग नको होतं, गाणंच हवं होतं. आणि खाली संकोचाने लिहिलं होतं, ‘ताई, मुलांना एवढी मोठी ओळ एका दमात येत नाही, म्हणून दोन शब्द बदललेत. तुम्हाला आवडलं नाही तर मुळाप्रमाणे करू.’ सोबत सरावाचं रेकॉर्डिंग.

ती मुलं गात होती:

दाराशी थांबल्या पावसा, विचारू का नाव तुझं

सतरा अक्षरं. ‘पावसा’ म्हणून सगळी एकदम थांबतात, तेवीस जणांचा श्वास एकत्र ऐकू येतो, आणि मग ‘विचारू का’. बरोबर तिथेच, जिथे माझा ‘ला’ गळला होता.

मी ते तीनदा ऐकलं, मग उठून खिडकीपाशी गेले. माझ्या ओळीत ‘तू’ म्हणजे दूर गेलेलं एक माणूस होतं, आणि पाऊस त्याचं नाव ठाऊक असलेला कुणी तिऱ्हाईत. मुलांनी ‘ला’ काढला आणि पाऊसच ‘तू’ झाला. आता नाव पावसालाच विचारतायत, तेही समोर उभं राहून. बाईंनी हा बदल अर्थासाठी केलाच नव्हता. मुलांची छाती लहान, एवढंच त्यांचं कारण. ज्या श्वासाला मी स्टुडिओत कापून फेकलं होतं, त्याच श्वासाला मुलांच्या गाण्यात जागा होती, आणि त्या जागेतून अर्थ वळला होता. दोन वर्षं ही ओळ माझ्यापाशी होती, मला हे दिसलं नव्हतं.

परवानगी त्याच रात्री कळवली, आणि शब्दबदलात बाईंचं नाव द्यावं असंही लिहिलं. ती वहीतली चौथी तारीख.

परवाच्या छोट्या मैफलीत मी ‘पावसा’ गायले. थांबले, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला, पुढे गेले. रेकॉर्डिंगमध्ये ‘पावसाला’च राहील, ते मी बदलणार नाही. ती तेव्हाची मी आहे. नवीन गाणी लिहिताना मात्र आता ओळीवर पेन्सिलीने श्वासाची खूण करते, चाल ठरायच्या आधीच. आणि उभं राहून, दोन मजले चढून आल्यावर म्हणून बघते.

काल बाईंचं पुन्हा पत्र आलं. दुसऱ्या अंतऱ्यातल्या तिसऱ्या ओळीतही मुलं अडकतायत, ‘जरा मोकळी करून द्याल का?’ कार्यक्रम अठरा दिवसांवर आलाय. सकाळपासून त्याच ओळीवर बसलेय. एकोणीस अक्षरं आहेत, त्यातली चार काढायचीत, आणि ‘उंबरा’ हा शब्द मला काही केल्या सोडवत नाहीये.